पैऱ्याची लाइन

वीज गेली की माणसं उसासा सोडून गप्प बसतात, पण नेट गेलं की थेट माझ्या खानदानावर येतात. त्या दिवशी सकाळी आष्ट्यातल्या आमच्या ऑफिसचं शटर मी वर केलं तेव्हा आतला फोन आधीच वाजत होता. आम्ही आसपासच्या गावांना नेट पुरवतो. धंदा आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भूपाल आण्णांचा. मशीन मी सांभाळते आणि शिव्याही मीच खाते.

पुण्याकडून येणारी आमची मुख्य लाइन मेली होती. आठवडाभर पाऊस हटत नव्हता, कुठंतरी रस्त्याकडेचा भराव खचला असणार. तरी मी निर्धास्त होते, कारण पैरा होता. एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल जुंपून दोघांचीही शेतं करायची, त्याला आमच्याकडं पैरा म्हणतात. नदीच्या वरच्या अंगाला आण्णांचे जुने दोस्त बाळासो काका असाच नेटचा धंदा करतात. या दोघांनी लाइनींचा पैरा केला होता. माझी बंद पडली की माझं सगळं तुझ्याकडून जाईल, तुझी पडली की तुझं माझ्याकडून. दोन्हीकडच्या राउटरना तसं सांगून ठेवलं होतं. दोन्ही एकदम पडल्या तर काय, असं मी तेव्हाच विचारलं होतं. "आभद्र बोलू नगंस," आण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

पैरा का चालत नाही ते बघायला मी वाट तपासली. नेटवरून काहीही पाठवलं की त्याची छोटी छोटी पॅकेटं होतात. वाटेतला प्रत्येक राउटर पॅकेटाला फक्त पुढचं एक दार दाखवतो, सगळा रस्ता कुणालाच माहीत नसतो. तपासताना त्या राउटरांचे पत्ते पडद्यावर एकाखाली एक उमटत जातात. उमटले. आमचा, काकांचा, आमचा, काकांचा, आमचा, काकांचा. खालपर्यंत तेच.

म्हणजे काकांचीही लाइन गेली होती. त्यांचा राउटर पॅकेट आमच्याकडं ढकलत होता आणि आमचा ते परत त्यांच्याकडं. असं ते जन्मभर फिरू नये म्हणून प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो. दर राउटरपाशी तो एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात, कुणाला काही न कळता. दोन म्हाताऱ्यांच्या दोस्तीचं मला हसू आलं, रागही आला. मग एकदम आठवलं आणि तोंडचं पाणीच पळालं.

पुलाला बसवलेलं, नदीची उंची मोजणारं यंत्र काकांच्याच लाइनवर होतं. त्याचा आकडा पुण्याच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून काठावरच्या सगळ्या गावांच्या मोबाईलवर. मी मोबाईल काढला, त्याचं नेट वेगळ्या कंपनीचं असल्यानं तो चालू होता. अठ्ठावीस फूट. पहाटे बघितलं तेव्हाही अठ्ठावीसच होतं. नवा आकडा आला नाही की ते पान जुनाच दाखवत बसतं, आणि आकड्याशेजारी वेळ दाखवायची अक्कल ते बनवणाऱ्या शहाण्याला झाली नव्हती. नदी खरं कुठवर आली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी फोन लावला. आक्काताई, म्हणजे माझी आई, शांतपणे म्हणाली की आण्णा न्याहारी करून जॅकवेलवर गेलेत. नदीकाठी विहिरीसारखं बांधकाम असतं, त्यात शेताला पाणी उचलायची मोटार बसवलेली असते, ते जॅकवेल. पूर आला की मोटार बुडायच्या आत काढावी लागते. काल पाणी भराभर चढत होतं म्हणून आण्णा कचरले होते. आज आकडा थांबलेला बघून निवांत निघाले.

त्यांचा मोबाईल लागेना. विहिरीत उतरलं की रेंज जाते. आमच्या जॅकवेलच्या पाठीमागं ओढा आहे. नदी फुगली की समोरून येण्याआधी ती ओढ्यातून उलटी शिरते आणि परतीची वाट बुडवते, मध्ये ऊस असल्यानं आतल्या माणसाला पत्ताच लागत नाही. हे मला लहानपणी आण्णांनीच दाखवलं होतं. मी स्कूटी कशी हाकली मला आठवत नाही. मी भयंकर घाबरले होते.

ओढ्यावरची फरशी, म्हणजे पलीकडं जायचा बुटका पूल, दिसत नव्हती. लालसर पाणी तिच्यावरून वाहत होतं, तेही नदीकडं नाही, शेताकडं. पलीकडं आण्णांची मोटारसायकल अर्धी बुडून उभी होती. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. बऱ्याच वेळानं ऊस हलला आणि ग्रीसनं बरबटलेले आण्णा खांद्यावर दोर घेऊन बाहेर आले.

"काय झालं गं वरडायला? पाणी थांबलंय न्हवं," ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष फरशीकडं गेलं.

त्यांनी दोराचं एक टोक फेकलं, ते मी बाभळीला बांधलं. ते छातीभर पाण्यातून दोर धरून निघाले. मध्यावर त्यांचे पाय सुटले आणि क्षणभर मला नुसता दोर दिसला. मग हात दिसले. मी ओढत राहिले. ते या काठाला आले तेव्हा चिखलातच बसले आणि मी त्यांना धरून रडले.

जरा वेळानं मी त्यांना आकड्याचं सांगितलं. त्यांना पटेना. सकाळीच बाळासोशी बोलणं झालं होतं म्हणाले, तोही थांबलंय म्हणाला होता. काकांनी कशावरून सांगितलं, असं मी विचारलं.  आण्णा चिखलातून गडबडीनं उठले आणि म्हणाले, "लाव, लाव त्याला फोन." मी काकांना फोन लावला.

उचलला त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी.

"त्ये मोटार काढाय गेल्यात. मोबाईल भिजंल म्हणून घरातच ठेवलाय," त्या म्हणाल्या. "मन घेत नव्हतं त्यांचं. पन तुज्या आण्णांनीच सांगितलं न्हवं, पाणी थांबलंय म्हणून."

"काकू, काठावर माणसं धाडा. त्यो आकडा पहाटंचा हाय, खोटा हाय."

पलीकडं त्यांची खुडबुड ऐकू आली. बहुतेक मोबाईल कानापासून लांब धरून बघत असाव्यात.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आत्ताच बघितलं मी. अजून अठ्ठावीसच हाय."