जेवण : शून्य

या, असे पुढे या. खांबाला टेकून बसलेले तुम्हीसुद्धा या. मागे नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. चपला दाराशी काढल्यात ना? मग मन त्यांच्यापाशी ठेवू नका. आजच्या आख्यानात राजा नाही, राणी नाही, ऋषीचा शाप नाही. खडकीतला एक बाप आहे, त्याची लेक आहे, आणि दोघांच्या मधे एक कागद आहे. एवढंच. पण शेवटपर्यंत बसाल तर आज रात्री घास तोंडाशी नेताना हात क्षणभर थांबेल, हा माझा शब्द.

बापाचं नाव बापूराव. वय वर्षं अडुसष्ट. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात भांडार सांभाळलं. पेटी घरी आधीपासून वाजवत, निवृत्त झाल्यावर देवळात कीर्तनाला साथ करू लागले. सूर असा स्वच्छ की बुवा मधेच थांबून त्यांच्याकडे पाहायचे. पत्नी मुक्ताई सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेली. मागे उरली एकुलती एक संस्कृती. ती शिकायला गेली पोर्तुगालात, पोर्तो नावाच्या गावी.

माणूस निर्मळ, पण हात आखडता. कंजूष म्हणू नका, त्यांना राग यायचा. ते म्हणत, "मी काटेकोर आहे." लेक परदेशी निघाली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, विमानतळावर जाणार ना? "कशाला? निरोप पुण्यातूनही देता येतो," म्हणाले, आणि मुंबईला जाणाऱ्या गाडीत तिला इतर तीन प्रवाशांबरोबर बसवून दिलं. परतीचं भाडं वाचलं. गाडी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून हात हलवत होती. आणि हे? हे तिच्या बॅगेचं वजन लिहिलेली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत होते.

तर जानेवारी संपता संपता तिचा फोन आला. पाय जड पडत होते म्हणून तपासणी केली, तर पाठीच्या कण्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया सत्तावीस फेब्रुवारीला. तिकडच्या विम्यातून उपचार होणार होते, तो प्रश्न नव्हता. विमानानं घरी यायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. आणि डॉक्टरांनी तिला लपवून न ठेवता सांगितलं होतं: पाय परत चालतीलच असं नाही, आणि जागी होशीलच असंही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला आत नेतील तेव्हा तुम्ही तिथे असाल ना?"

"असणार म्हणजे काय! असणारच."

बापूरावांनी त्याच संध्याकाळी अंदाजपत्रक करायला घेतलं. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानावर वैष्णवी म्हणून एक मुलगी व्हिसाची कामं करते, तिच्याकडे जा, असं चारजणांनी सांगितलं. तिची फी तीन हजार. "अर्ज मराठी माणसाला भरता येत नाही की काय?" म्हणून हे स्वतःच बसले. विमानाचं तिकीट अठ्ठ्याहत्तर हजार. व्हिसा आणि विमा, पंधरा हजार. पुढे सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: राहणं, मुलीच्या खोलीवर, शून्य. प्रवास, इस्पितळापर्यंत पायी, शून्य. जेवण, भाजणी, मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेणार, शून्य.

आता हसू नका. कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. जो विभाग कमी माल मागे त्याचं मागणीपत्र लगेच मंजूर होई, जो जास्त मागे त्याची चौकशी लागे. कमी मागणारा तो सज्जन, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बरं, गाठीला काही नव्हतं असंही नाही. अकरा लाखांच्या मुदत ठेवी होत्या. पण त्यांच्या पावत्या जोडल्याच नाहीत. आपल्याकडे काय आहे ते परक्याला दाखवायचं नसतं, ही वडिलांची शिकवण. जोडलं ते फक्त पेन्शनचं पासबुक, एक लाख चाळीस हजारांचं.

देवाच्या दारी मूठभर पोह्यांवर भागतं हो. माणसांच्या दारी नाही भागत.

अर्जाबरोबर दिलेला पासपोर्ट सोळा फेब्रुवारीला परत आला. आत छापील कागद. कारणांची लांबलचक यादी आणि एकाच चौकटीत खूण: मुक्कामाचा खर्च भागवण्याची पुरेशी साधनं असल्याचं सिद्ध झालं नाही.

बापूरावांनी तो कागद तीनदा वाचला. मग देवळात नेऊन धोंडिबाला दाखवला. धोंडिबा तबल्याला बसतो, मार्केट यार्डात कांद्याची आडत आहे, मूळचा लोहगावकडचा. त्यानं कागद उलटा-सुलटा पाहिला, मग बापूरावांनी अंदाजपत्रकाची प्रत पुढे केली तीही पाहिली.

"आवं बापूराव, जेवान शून्य? त्यांना वाटलं आसंल, ह्यो म्हातारा तिथं मागून खानार. पैका हाय तर दावायचा की! मी गिऱ्हाइकाला रिकामी वखार दावली तर त्यो सौदा करंल का?"

बापूराव खाली बसले. पेटीवर डोकं टेकलं तर भात्यातून एक हुंदक्यासारखा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते वैष्णवीच्या जिन्यावर होते. ती सत्ताविशीची, चष्मा डोक्यावर. तिनं अंदाजपत्रक वाचलं.

"काका, तुम्ही पोर्तुगालला चालला होतात की एकादशीला?"

"पोरी, टोमणे मार हवे तेवढे. मारायलाच हवेत. पण दहा दिवस राहिलेत गं. माझी लेक तिकडे एकटी आहे."

वैष्णवीनं चष्मा डोळ्यांवर घेतला. मग ती कामाला लागली. परत अर्जाची वेळ मिळवली एकोणीस तारखेची, इस्पितळाचं पत्र मागवलं, ठेवींच्या पावत्या मागितल्या. आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"लिहा. जेवण, रोजचे साडेतीन हजार."

"एवढ्यात माझा महिना निघतो!"

"तेच तर त्यांना नकोय. जो तिथे उपाशी राहणार तो तिथे काम शोधणार, असा त्यांचा हिशेब."

"मी? या वयात? काम?"

"काका, तुम्हाला मी ओळखते. त्यांना फक्त कागद ओळखतो. लिहा. इस्पितळाजवळ खोली, पंधरा रात्री, नव्वद हजार."

बापूरावांचं पेन थांबलं. "पण हे खोटं होईल. मी एवढा खर्च करणारच नाही."

"मग करा ना," ती शांतपणे म्हणाली. "लिहाल तेवढा खरंच करा. म्हणजे खोटं होणार नाही."

त्यांनी कागद जवळ ओढला. मग लिहीत गेले. जेवण, खोली, टॅक्सी. सगळ्यांच्या खाली, तिनं न सांगता, एक ओळ घातली: संस्कृतीला हवं ते. आणि पुढे आकडा, दोन लाख.

"हे कशाचं?" वैष्णवीनं विचारलं.

"ठाऊक नाही. तिला काय हवं असतं ते मी कधी विचारलंच नाही."

अर्ज गेला. लवकर निर्णयाच्या विनंतीचं पत्र गेलं. वीस उजाडली, बावीस, पंचवीस. रोज सकाळी बापूराव फोन उघडून अर्ज कुठवर आलाय ते पाहायचे, आणि रोज तेच उत्तर: विचाराधीन. जेवण जाईना. देवापुढे हात जोडले तरी तोंडून एकच निघे, "माझी चूक तिच्या पदरात घालू नकोस."

सव्वीस तारखेला त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. शून्यासकट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती हसली. हसता हसता खोकली. "बाबा, दशम्या? पंधरा दिवस?"

"हस गं. पण मला क्षमा कर."

"उद्या तुमच्याकडे दुपारचे दीड वाजतील तेव्हा मला आत नेतील. मोकळे राहा," एवढंच ती म्हणाली.

सत्तावीसला नेमकी एकादशी. देवळात दुपारचं कीर्तन. दीडला फोन वाजला. हिरव्या टोपीत तिचा चेहरा केवढासा दिसत होता.

"बाबा, पेटी जवळ आहे? काळी दोनचा सूर धरा. लहानपणी झोप येत नसली की धरायचात, तसा. मला झोप लागेपर्यंत भाता थांबवू नका."

बापूरावांनी सूर धरला. बुवा उभ्याउभ्या थांबले. चिपळ्या थांबल्या, धोंडिबाचे हात तबल्यावर निजले. सारं देऊळ त्या एका सुराखाली बसून राहिलं. पडद्यावर छताचे दिवे सरकत गेले, कुणीतरी परक्या भाषेत प्रेमानं काही बोललं, आणि फोन बंद झाला. सूर चालूच.

तीन वाजता वैष्णवी धापा टाकत आली. व्हिसा केंद्रातून पासपोर्ट तिनेच घेतला होता. "काका, मिळाला! व्हिसा मिळाला. उद्यापासूनचा."

उद्यापासूनचा. जिला आत नेताना हात धरायचा होता ती आत जाऊन दीड तास झाला होता.

"तिकीट आता महाग झालंय काका, एक लाख तीस..."

"पोचतो कधी ते सांग," बापूराव म्हणाले. डावा हात भात्यावरून हलला नाही.

"परवा सकाळी."

"काढ."

पाच वाजले, सहा वाजले. शस्त्रक्रिया सहा तासांची म्हणाले होते, सात तास होऊन गेले. बोटं बधिर झाली तेव्हा धोंडिबानं पलीकडे बसून भाता हातात घेतला, पण पट्टीवरचं बोट बापूरावांनी काढलं नाही. तिला झोप लागेपर्यंत म्हणाली होती. जाग येईपर्यंत धरू नका, असं कुठे म्हणाली होती?

मी आज त्या देवळातून निघाले तेव्हा फोन आलेला नव्हता. हे सांगतेय तोवरही आलेला नाही. म्हणून तर तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. माझ्याकडे गोष्टीचा शेवट नाही, मागणं आहे. घरी जाल, फराळाची पानं वाढाल, पहिला घास उचलाल, तेव्हा पोर्तो गावी पडलेल्या खडकीच्या संस्कृतीची आठवण करा. नाव नीट घ्या. संस्कृती बापूराव. देव ओळखेल.