तिसऱ्या बिजागरीतला गोंद

मित्रांनो, मोडून गेलेल्या एका विमानाचा शाबूत राहिलेला डावा फ्लॅप मी. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बसवलेली, खाली वळणारी फळी. विमान उतरायला आलं की डावा आणि उजवा असे आम्ही दोघं एकाच वेळी खाली वळतो, विमानाचा वेग कमी करतो आणि त्याला अलगद जमिनीवर टेकू देतो. एकाने वळायचं आणि दुसऱ्याने अडून बसायचं, हे आमच्यात चालत नाही. माझ्या हातून नेमकं तेच झालं.

माझा जन्म अर्जेंटिनातल्या एका सपाट, वाऱ्याच्या गावात झाला. मला घडवलं अन्सेल्मो बारोसीने. शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांची दुरुस्ती करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. त्याच्या हाताखालून गेलेल्या विमानात कधी खोट निघाली नाही, असं गाव म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर तोही म्हणायचा. धाकटा भाऊ ओविदिओ तीच विमानं उडवायचा. पण म्हातारपणी ओविदिओला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. दिवसभर तो खिडकीशी बसून आभाळाकडे बघत राही. ते अन्सेल्मोला बघवेना. याला पुन्हा उडायला लावायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

मग त्याने ओविदिओच्या पिवळ्या विमानाची रिमोटवर उडणारी प्रतिकृती करायला घेतली. तीन मीटर लांबीचे पंख, आणि सगळं स्वतःच्या हातचं, जुन्या फोटोंवरून रेखलेलं. दोन वर्षं लागली. ओविदिओ शेजारी खुर्चीत बसून चुका काढायचा. पंख घासून घासून पातळ केलास, आता त्याचा कंगवा कर, असं काहीबाही बोलायचा. अन्सेल्मो त्याला चोख उत्तरं द्यायचा आणि मनातून सुखावायचा.

माझी पाळी आली ती जानेवारीत, आमच्याकडच्या उन्हाळ्यात. मला तीन बिजागऱ्या होत्या. त्या पंखात बसवताना गोंद सांध्यात शिरू नये म्हणून प्रत्येकीच्या खिळीला आधी टाचणीने व्हॅसलीन लावायचं असतं. दोन लावून झाल्या. तेवढ्यात शेगडीवरची किटली सुं सुं करू लागली. माते हा आमच्याकडचा पाल्याचा कडवट चहा, आणि त्याचं पाणी उकळू देणं म्हणजे नामुष्की. पाला करपतो आणि पिणारा आठवडाभर टोमणे मारतो. ओविदिओ म्हणालाच, “उकळव, उकळव. तेवढंच राहिलंय तुझ्या हातून बिघडायचं.” अन्सेल्मो धावत उठला, किटली उतरवली, माते ओतलं, भावाला दिलं. परत आला तो थेट गोंद घेऊनच बसला. तिसरी बिजागरी कोरडीच राहिली.

मी वळत होतो, पण जरा कुरकुरत. नवं आहे, सैल होईल, असं अन्सेल्मो म्हणाला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्याने मला पुन्हा उपटून बघितलं असतं.

उड्डाणाचा रविवार उजाडला. एका रिमोटवर दोन भावांचे हात. उजव्या हाताने ओविदिओ विमान वळवत होता. इंजिनाचा वेग आणि आम्ही फ्लॅप अन्सेल्मोकडे. आठ मिनिटं आम्ही उडलो. ओविदिओ अर्ध्या ओठांनी हसत होता आणि अन्सेल्मो विमान सोडून त्याच्याकडेच बघत होता. तेवढी आठ मिनिटं माझ्या आयुष्यात सुखाची.

मग विमान उतरायला त्यांच्या दिशेने वळलं. अन्सेल्मोने कळ दाबली. उजवा फ्लॅप खाली गेला. वाऱ्याचा दाब पडताच माझी तिसरी बिजागरी अडली, मला वळवणाऱ्या मोटरचे दाते तुटले, आणि मी वरच राहिलो. विमान डावीकडे कलंडलं. ओविदिओने ते उजवीकडे ओढलं, अगदी बरोबर ओढलं, पण आता ते कुणालाच सावरता येणारं नव्हतं. पिवळं विमान पंखावर आपटलं आणि त्याचा चुरा झाला.

समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उडवणाऱ्याला उलटं दिसतं. तिथे भलेभले फसतात. ओविदिओ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मी उलटं वळवलं रे, म्हाताऱ्या. हाही हात गेला माझा.”

अन्सेल्मो म्हणाला, “होतं असं. सगळ्यांचं होतं.”

त्याने ते समजूत घालायला म्हटलं होतं. संध्याकाळी त्याने मला ढिगातून उचललं, वाकवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. बिजागरीतला गोंद त्याने नखाने खरवडला. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळून तो भावाकडे निघाला. पण फाटकाशी घुटमळला आणि परत आला.

पुढचे सात महिने हेच चाललं. ओविदिओने मैदानावर येणं सोडलं. घाससुद्धा बायकोला भरवावा लागे. या हाताचा भरवसा नाही, म्हणायचा. अन्सेल्मो दर रविवारी जायचा, माते ओतायचा, हवापाण्याचं बोलायचा. मी कधी त्याच्या काखेत असायचो, कधी घरीच. कागद एकदाही सुटला नाही. चाळीस वर्षं कमावलेलं नाव प्रत्येक वेळी आड येत होतं.

ऑगस्टच्या थंडीत ओविदिओ गेला. नवव्या दिवशी अन्सेल्मोने मला भावजयीच्या, डेल्फिनाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. “विमान माझ्यामुळे पडलं, त्याचा हात बरोबर होता,” असं म्हणताना तो ढसाढसा रडला.

डेल्फिनाने मला हातात घेतलं. मग म्हणाली, “सात महिने तो त्या हाताला शिव्या घालत होता, अन्सेल्मो. तू समोर बसून ऐकत होतास.”

तिने मला परत दिलं नाही. आता मी ओविदिओच्या पलंगाशेजारच्या फळीवर असतो. शनिवारी ती माझी धूळ पुसते. अन्सेल्मो दारापर्यंत येतो, पण आत येत नाही.

मित्रांनो, लाकडाच्या तुकड्याची निगा कुणीही राखेल. माझं मागणं वेगळं आहे. आपली चूक सापडली आणि तिचं ओझं दुसराच कुणी वाहतोय असं दिसलं, तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा. फाटकाशी थांबू नका. ओविदिओचा हात चांगला होता, हे आज मला, अन्सेल्मोला आणि डेल्फिनाला माहीत आहे. ओविदिओला ते कधीच कळलं नाही.