मागच्या गल्लीतला ब्रेक

ब्रेकचे पॅड बदलून आणले आणि गाडी किंचाळायला लागली. साधंसुधं नाही, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसं. नवरा चष्म्याच्या दुकानातून संध्याकाळी परतला, की तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोला वर बसूनच कळायचं, स्वारी आली.

"अहो, नवे पॅड टाकलेत की जुनेच घासून परत बसवलेत?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नवे आहेत. थोडे घासले गेले की बसेल आवाज."

आवाज बसला नाही. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला सगळी इमारत रेडिओकाका म्हणायची, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तो जिन्यात भेटेल तेव्हा कानावर हात ठेवायचा. ती हसून सोडून द्यायची.

मग एका संध्याकाळी तिला तो आवाज चुकीच्या जागी ऐकू आला. ती एका ब्लाउजची बाही उसवत होती. किंचाळी आली, पण समोरच्या रस्त्यावरून नव्हे, मागच्या बाजूने, मैदानापलीकडच्या गल्लीतून. तिने सवयीने चहाचं आधण ठेवलं. आधण उकळून आटलं, तरी नवरा वर आला नाही. बऱ्याच वेळाने तीच किंचाळी दारापाशी झाली.

"आज उशीर झाला?"

"दुकानात गर्दी होती. सुटताच आलं नाही," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

गाड्या काय कमी आहेत गावात, तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मशीन बंद ठेवून कानोसा घेतला. आधी मागच्या गल्लीत, मग तासाभराने दारात. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि रोज तीच गर्दी! एवढ्या सगळ्या लोकांची नजर एकदम अधू झाली होती की काय?

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यात रेडिओकाकाने भर घातली.

"वहिनी, तुमची गाडी दोनदा रडते हो," तो सहज बोलल्यासारखा म्हणाला. "एकदा तिकडे, एकदा इकडे. तिकडे कोण असतं?"

"गिऱ्हाईक," ती फटकन म्हणाली. "चष्मा पोचवायचा असतो."

"रोज?"

ती तडक जिना चढली. कान तापले होते.

त्या आठवड्यात शर्ट धुवायला काढताना तिला बाहीवर पांढरी पावडर दिसली. अंगाला लावायची, वासाची. त्यांच्या घरात पावडरचा डबा नव्हता. तिने शर्ट नाकाशी धरला, झटकला, पुन्हा धरला. रात्री जेवताना तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो पोळीचा तुकडा मोडत कसलं तरी बालगीत गुणगुणत होता. लग्न झाल्यापासून तिने त्याला गाताना ऐकलं नव्हतं.

"गाडी एकदा दाखवून तरी आणा," ती म्हणाली.

"आणतो की."

"कधी?"

"अगं, आणतो म्हटलं ना." तेवढंच. पठ्ठ्या ताकास तूर लागू देत नव्हता.

तेव्हा तीच मेकॅनिककडे गेली. तो एका गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. तिने थेट विचारलं, पॅड खोटे तर घातले नाहीत ना.

"वहिनी, माल चोख आहे," तो उठून हात पुसत म्हणाला. "चकती जुनी, पॅड नवे. दोघांचं अजून जमलेलं नाही, म्हणून पॅड थरथरतो आणि आवाज येतो. चकती साफ करायची, पॅडच्या मागे पातळ पत्रे बसवायचे, जागच्या जागी थोडं ग्रीस लावायचं. एका सकाळचं काम. ब्रेक लागतोय ना नीट?"

"लागतो."

"मग भिऊ नका. पण मी साहेबांना दोनदा फोन केला, घेऊन या म्हटलं. ते म्हणाले, राहू दे, सध्या मला तो आवाज हवाय."

"हवाय?"

"तसंच म्हणाले. आता मी काय बोलणार?"

ती घरी आली ती पाय कुठे पडतायत याचं भान नसल्यासारखी. आवाज हवाय म्हणजे कुणाला तरी ऐकू जायला हवाय. तो आवाज झाला की कुणी तरी दार उघडत असणार, केस सारखे करत असणार, पावडर लावत असणार. तिने ते दार मनात इतक्यांदा उघडून पाहिलं की त्याचा रंगसुद्धा ठरून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी ती आधीच मैदानापलीकडे जाऊन उभी राहिली. हातात रिकामी पिशवी, म्हणजे कुणी विचारलं तर भाजीला निघाले म्हणायचं. गाडी आली. किंचाळली. नवरा उतरला आणि एका बैठ्या घराचं नुसतं लोटलेलं दार ढकलून आत गेला. बेल नाही, हाक नाही. दोरीवर बाईचे दोन गाऊन वाळत होते.

तिला वाटलं, परत फिरावं. नाही बघितलं तर अजून काहीच झालेलं नाही. पण पाय पुढेच गेले. आतून एक बाई हसली आणि मग नवऱ्याचा आवाज आला, तेच बालगीत, मोठ्याने.

तिने दाराची कडी जोरात वाजवली.

दार उघडून समोर आली ती तिची थोरली जाऊ.

काही वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा, माणसांनी भरलेल्या घरात, हीच जाऊ तिला म्हणाली होती, "तुझ्या हलगर्जीपणामुळे गेल्या त्या." सासूबाईंचं शेवटचं सगळं तर तिने एकटीनेच केलं होतं. त्या दिवसापासून तिने त्या घराचं नाव टाकलं होतं. नवऱ्यालाही बजावलं होतं, पायरी चढलात तर याद राखा. ते लोक तेव्हा दूर राहायचे. इथे कधी आले, तिला पत्ताच नव्हता.

 जाऊ दारातून बाजूला झाली. "ये."

आत पलंगावर थोरले दीर उशांना टेकून बसले होते. अर्धं तोंड ओघळलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. नवऱ्याच्या हातात पावडरचा डबा होता. तो तसाच उभा राहिला, चोरी पकडल्यासारखा.

"झटका आला," जाऊ म्हणाली. "जिने चढवेनात, म्हणून हे तळमजल्याचं घर घेतलं. मी यांचा चष्मा करायला गेले होते, तिथे भावजी भेटले. पडून पडून पाठ सोलवटलीय, पावडर लावायला एकटीला उचलवत नाही. आणि बोलत तर काहीच नव्हते, नुसते छताकडे बघायचे. मग एकदा बाहेर ती गाडी ओरडली, आणि हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. आता तो आवाज आला की स्वतःहून उठायला बघतात. लहानपणीचं गाणं म्हटलं की दोन-दोन शब्द येतात."

"म्हणून आवाज हवा होता?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने मान हलवली. "तुला सांगणारच होतो."

"कधी? माझं डोकं फिरल्यावर?"

तेवढ्यात दिरांनी डावा हात उचलून तिच्याकडे दाखवला. ओठ बराच वेळ झुंजले. "धा... धाक..."

"धाकटी," नवरा हळूच म्हणाला.

ती पलंगाच्या कडेला टेकली. रडायचं नाही असं ठरवूनही डोळे भरले, आणि त्यात सुटकेचे अश्रू किती आणि रागाचे किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर ती अधूनमधून जायला लागली. दिरांसाठी पुढून उघडणारे सैल सदरे तिने शिवून दिले. महिन्याभराने तिनेच गाडी मेकॅनिककडे ढकलली, कारण रेडिओकाकाने आता तक्रारीची भाषा सुरू केली होती. पत्रे बसले, ग्रीस लागलं, चकती साफ झाली. त्या संध्याकाळी गाडी मुकाट्याने जाऊन उभी राहिली. नवरा धास्तावून आत गेला, तर दीर आधीच बसलेले. "उ...शीर," ते कुरकुरले.

सगळं गोड झालं असं नाही. एकदा दोघी जावा मोरीपाशी चादरी पिळत होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. जाऊ खाली बघत म्हणाली, "आईंच्या वेळी मी जे बोलले..." आणि थांबली.

पूर्वीची ती असती तर 'जाऊ द्या हो' म्हणून मोकळी झाली असती. तिने तसं म्हटलं नाही. आता गरज पडली म्हणून बोलतेय की खरंच सलतंय हिला? चेहऱ्यावरून कळत नव्हतं. चादरीतून पाणी ठिबकत राहिलं.

"बोला," ती म्हणाली. "पुरतं बोला. मी ऐकतेय."