पोपटी पापण्या

यशोदाबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काढला. पट्टी सुटल्यावर त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर आपल्या सुनेचं तोंड. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" यशोदाबाई म्हणाल्या, "अजून सांगता येत नाही."

सून सारिका धुळ्याच्या देवपुरात घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. जळगावला जाऊन नवरीच्या मेकअपचा पाच दिवसांचा कोर्स करून आली होती. त्या पाच दिवसांतला एक दिवस उद्घाटनात आणि एक समारोपात गेला होता, पण प्रमाणपत्र पूर्ण मिळालं होतं. ते तिने भिंतीवर लावलं, ज्या खिळ्याला यशोदाबाईंचं निवृत्तीचं मानपत्र होतं त्याच खिळ्याला. मानपत्र कपाटामागे गेलं. धूळ बसू नये म्हणून, असं सारिका म्हणाली. मुलगा ललित जळगावच्या पाइपच्या कारखान्यात होता आणि शनिवारी घरी यायचा, त्यामुळे त्याला भिंतीतला फरक दीड वर्षाने कळला.

यशोदाबाई चौतीस वर्षं चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. निम्म्या देवपूरने त्यांच्या हाताखाली एलिमेंटरीची परीक्षा दिली होती आणि उरलेल्या निम्म्याने त्यांच्या भीतीने दिली नव्हती. पण गेली सहा-सात वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं फिक्या चहातून बघितल्यासारखं होतं. त्याच काळात सारिकाचा धंदा वाढला. नवरी तयार झाली की ती आतून सासूला बोलवायची. "आई, कशी दिसते?"

यशोदाबाईंना खुर्चीवर कुणीतरी बसलंय एवढं कळायचं. त्या म्हणायच्या, "छान."

मग सारिका मोबाइलवर फोटो टाकायची आणि खाली लिहायची, 'ज्येष्ठ कलाशिक्षिकेची पसंती.' धुळ्यात या पसंतीला वजन होतं.

ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते आणि ते काम सारिकाकडे होतं. ती सासूची मान मागे करायची, वर वाकायची, आणि यशोदाबाईंना वीतभर अंतरावरून सुनेची कला बघावी लागायची. निळ्या ड्रेसवर निळ्या पापण्या. गुलाबी ड्रेसवर गुलाबी. पिवळ्या ड्रेसच्या दिवशी तर त्यांना वाटलं, पोरीला कावीळ झाली. सारिकाचा नियम साधा होता. अंगावर जो रंग, तोच पापणीवर. नियमात बसत नव्हतं ते चमकीने बसवलं जायचं.

यशोदाबाई चार दिवस काही बोलल्या नाहीत. निवृत्त शिक्षकांमध्ये हा बहुधा विक्रम असावा.

पाचव्या दिवशी सकाळी सातला साक्रीकडच्या एका खेड्यातली नवरी आली. नूतन तिचं नाव. देवपुरातच कॉलेज केलेली, सावळी, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. लग्न दुपारी बाराचं होतं, जवळच्याच लॉनवर. मे महिन्यातली धुळ्याची दुपार म्हणजे लाकूडसुद्धा घाम गाळेल अशी, पण मुहूर्त काढणाऱ्याच्या खोलीत कूलर असतो. सोबत आई सुनंदाबाई आणि पोपटी शालू, मरून काठांचा.

दीड तासाने नेहमीची हाक आली. "आई, कशी दिसते?"

यशोदाबाई बाहेर आल्या. आधी उजव्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने बघितलं. छान होती. मग डाव्याने बघितलं. पापण्यांपासून भुवयांपर्यंत पोपटी रंग, त्यावर चमकी, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी पोरीचे डोळे.

"पोपटासारखी," त्या म्हणाल्या.

सारिकाच्या हातातला ब्रश थांबला. नूतन आरशात बघून हळूच म्हणाली, "मलाही तसंच वाटत होतं. पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळत असेल."

सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या आणि थेट अहिराणीवर आल्या. "हाई काय शे माय, लगीनना दिवशी?"

सारिकाने त्यांना पाणी दिलं, दोन मिनिटं मागितली आणि सासूला आतल्या खोलीत नेलं.

"सहा वर्षं तुम्ही छान म्हणत होतात."

"दिसत नव्हतं."

"मग छान कशावरून?"

"तू दीड-दीड तास राबायचीस म्हणून."

सारिकाने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मला मात्र सगळं दिसत होतं, आई. तुमची लिपस्टिक ओठांच्या बाहेर जायची. पावडर एका गालावर जास्त, दुसऱ्यावर नाहीच. तशाच तुम्ही लग्नांना गेलात, बारशांना गेलात. शाळेच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात तशाच स्टेजवर बसलात. निघताना दर वेळी मला विचारायचात."

"आणि तू छान म्हणायचीस."

"तुम्ही एवढ्या हौसेने लावलेलं असायचं."

यशोदाबाई कॉटच्या कडेवर बसल्या. शाळेच्या कार्यक्रमाचा फोटो त्यांनी स्वतः फ्रेम करून दोन नातेवाइकांना पाठवला होता. त्या नातेवाइकांनीही छानच कळवलं होतं. आपण जन्मभर पोरांच्या चित्रांवर लाल पेनाने शेरे मारले, आणि आपल्या तोंडावर शेरा मारायला एक माणूस पुढे आला नाही, हे त्यांना फार लागलं. आणि त्याहून जास्त हे लागलं की सून दुष्टपणाने गप्प बसली असती तर रागावता तरी आलं असतं.

"तुम्हाला एवढं कळतं ना," सारिका डोळे पुसत म्हणाली, "तर तुम्हीच करून दाखवा."

यशोदाबाईंनी पदर खोचला.

नूतनच्या पापण्या खोबरेल तेलाने साफ झाल्या. यशोदाबाईंनी सारिकाची रंगांची चौकोनी डबी उघडली. अठ्ठेचाळीस रंग, त्यातले सहा वापरून खड्डे पडलेले, बेचाळीस कोरे. त्यांनी काठाचा मरून नूतनच्या गालाजवळ धरला, मग तांब्याच्या भांड्यासारखा एक तपकिरी निवडला. "पोपटीच्या शेजारी पोपटी लावला तर दोन्ही मरतात," त्या म्हणाल्या. "रंगचक्रात समोरचा रंग लागतो. सहावीतला धडा आहे." इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं.

मग चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ब्रश पाण्याच्या पेल्यात बुडवला.

सारिका काही म्हणणार होती, पण तिने तोंड मिटून घेतलं. तेवढा हक्क तिने आज कमावला होता. ओला रंग पापणीवर गिलाव्यासारखा बसला. वर कूलरचा वारा. नूतनने डोळे मिटून उघडले आणि उन्हाळ्यातल्या पांझरा नदीच्या गाळासारख्या त्याला भेगा पडल्या. यशोदाबाईंनी भेगा बुजवायला पुन्हा ब्रश लावला. डावी पापणी उजवीपेक्षा बोटभर मोठी झाली.

"ही चिमणी झाली का आता?" सारिकाने विचारलं.

यशोदाबाईंनी ब्रश खाली ठेवला. कागद पापणी मिटत नाही, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "रंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हात तुझा लाव."

सारिकाने पुन्हा तेल घेतलं. साफ केलं, कोरडं केलं, थोडी पावडर दिली. मग तोच तपकिरी कोरड्या ब्रशने हलका, थरावर थर देत लावला, आणि पापणीच्या कडेला बोटाने मरून ओढला. यशोदाबाई मागे उभ्या राहून "पुरे" आणि "अजून जरा" एवढंच म्हणत होत्या. सारिका निम्म्या वेळा ऐकत होती. पाच दिवसांच्या त्या कोर्समध्ये रंग कुठला घ्यायचा ते कुणी शिकवलं नव्हतं, पण तो पापणीवर टिकवायचा कसा, ते सारिकाच्या बोटांना पक्कं येत होतं, हे यशोदाबाईंना पहिल्यांदाच दिसलं.

नूतन आरशात बराच वेळ बघत राहिली. मग हसली.

सुनंदाबाईंनी पुढून बघितलं, बाजूने बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. "रंग कोठे शे?" त्यांनी विचारलं. त्यांना मेकअप हवा होता आणि इथे तर पोरगीच दिसत होती.

"आई, माझे डोळे दिसतायत," नूतन म्हणाली. "राहू दे असंच." आणि शालू सावरून उठली. ज्या पोरीने सकाळपासून खुर्चीत एकदाच तोंड उघडलं होतं, तिच्यापुढे सुनंदाबाईंचं काही चाललं नाही.

दुपारी सासूसुना लग्नाला गेल्या. डॉक्टरांनी डोळ्याला काही लावायला बंदी केली होती, म्हणून यशोदाबाईंनी फक्त लिपस्टिक लावली होती. सारिकाने रिक्षात ओढणीच्या टोकाने ती दोन्ही बाजूंनी पुसून ओठांच्या आत आणली. यशोदाबाईंनी मान हलवली नाही.

जेवणाच्या रांगेत एका बाईने सारिकाला गाठलं. तिच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. "नवरी छान केली तुम्ही," ती म्हणाली. "पण आमच्या मुलीला जरा भडक करा हं. साडी जांभळी आहे, तर डोळ्यांवर जांभळाच लावा."

सारिकाने सासूकडे बघितलं. यशोदाबाईंनी हातातली ताटली खुर्चीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि त्या बाईला विचारलं, "काठ कुठल्या रंगाचे आहेत?"