ब्याड म्हणजे नको

मी घोंगडं बोलतंय. काळं, खरखरीत आणि स्वभावानंही जरा टोचणारं. तुमच्यात एखादं काम रखडलं की 'भिजत घोंगडं पडलंय' म्हणतात. कामं तुम्ही रखडवायची आणि बदनामी आमची!

दुधनीकडच्या धुळा धनगराच्या मेंढ्यांच्या लोकरीचं मी. त्याच्या घरात मराठी बाजारापुरती. रडणं, हसणं, भांडणं सगळं कानडीत. एखादी मेंढी बुजली की धुळा तिच्यामागं पळायचा नाही. मला अंथरून गप बसून राहायचा. थोड्या वेळानं ती आपली आपणच जवळ यायची.

धुळा गेल्यावर त्याची नात मायाक्का मला पांघरू लागली. आईबाप मेंढरांमागं रानोमाळ, म्हणून तिला शिकायला मावशीकडं, सुंदरम्माकडं, कुंभारीला ठेवलं. तिच्याबरोबर मीही आलं.

शाळेतून रोज तक्रार यायची. मायाक्का ओरडते, लाथा मारते. रांगेत उभं करायला कुणी दंड धरला की चावते. मावशी घरी तिला बडवायची आणि दुसऱ्या दिवशी पोर आणखी चवताळायची. मी रात्री तिला पांघरूण घालण्यापलीकडं काय करणार?

शेवटी शाळेनं मावशीला बोलावलं. त्या दिवशी मायाक्का मला सोडेना, म्हणून मीही मोठ्या सरांच्या खोलीत पोचलं. वर्गाच्या दिपालीबाई साताऱ्याकडच्या. पोरांना दिवसभर गुड-बॅड शिकवून त्यांचा घसा बसलेला. त्या म्हणाल्या, "हिला सॉरी म्हण म्हटलं, की माझ्याच तोंडावर मला बॅड म्हणते." मावशीनं तिथंच हात उगारला. माझ्याआडून मायाक्का किंचाळली, "ब्याड! ब्याड!"

"बघा, आत्तासुद्धा," बाई म्हणाल्या.

मावशीचा हात वरच राहिला. "बाई, ती तुमाला बॅड न्हाय म्हनत. नगो म्हंत्या. आमच्यात नगोला ब्याडच म्हंत्यात की."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे इतके दिवस ही मला नको म्हणत होती आणि मी ओढत होते."

मग मात्र तिघं नीट बसून बोलली. मायाक्काचा हात कुणी धरायचा नाही. ती ब्याड म्हणाली की समोरच्यानं एक पाऊल मागं सरायचं. मला खिडकीखालच्या कोपऱ्यात अंथरायचं. राग आला की तिनं तिथं येऊन बसायचं आणि ती शांत झाल्यावरच बाईंनी विचारपूस करायची. मावशीनंही घरचा मार बंद करायचं कबूल केलं. मोठे सर म्हणाले, "बघू या, जमतंय का."

जमायला लागलं. एकदम नाही. एकदा तिनं डबा भिरकावला, एकदा मलाच दातांनी कुरतडलं. पण वर्गातली पोरं ब्याड शिकली आणि मायाक्का माझ्यात तोंड खुपसून बसायची ती हळूहळू लवकर उठायला लागली. एकदा तर हसत उठली. माझं काय घोंगडं अडकलं होतं त्या शाळेत? या पोरीपायीच अडकलं होतं.

मग बाई प्रशिक्षणाला गेल्या. बदली सर आले. माणूस वाईट नव्हता. पण मोठ्या सरांना वाटलं, बाईंनी त्यांना सांगितलं असेल. बाईंना वाटलं, मोठे सर सांगतील. बदली सरांना दिसलं ते इतकंच, की भर तासाला एक मुलगी घोंगड्यात लपून बसलीय. त्यांनी मला ओढलं.

"ब्याड," ती आधी हळूच म्हणाली. मग मोठ्यानं.

"मला बॅड म्हणतेस?"

पोरं ओरडली, "सर, सोडा, ती नको म्हणतीय." सरांनी त्यांनाच गप्प केलं. माझं एक टोक सरांच्या हातात, एक तिच्या. मला दोन्ही भाषा कळत होत्या, पण तोंड नव्हतं. मी फाटलं. ती सरांच्या हाताला चावली.

मोठे सर मावशीला म्हणाले, "थोडे दिवस घरीच ठेवा." थोडे दिवस म्हणजे काय, ते आम्हा भिजत घोंगड्यांना विचारा! जाताना मायाक्कानं माझ्याकडं पाहिलं, पण मला उचललं नाही. ब्याडसुद्धा म्हणाली नाही.

बाई परतल्या तशा धावत मावशीच्या घरी गेल्या. तोवर आईबाप तिला मेंढरांमागं घेऊन गेले होते. बाईंनी मला दाभणानं शिवलं आणि शिवता शिवता रडल्या. त्यांचं पाणी मी शोषून घेतलं. तेवढंच मला येतं.

अजून मी त्याच कोपऱ्यात आहे. वर्गात कुणी कुणाला ढकललं की ढकलला गेलेला म्हणतो, "ब्याड." ढकलणारा एक पाऊल मागं सरतो. तेलुगू घरातली पोरंसुद्धा म्हणतात. शब्द वर्गात राहिला आणि तो आणणारी तेवढी रानात गेली.

तुम्हाला कुठं मेंढरांमागं मायाक्का दिसली, तर तिला सांगा, मी शिवून झालंय, वाट बघतंय. पण सांगायला म्हणून तिचा हात धरू नका. जरा लांब, खाली बसा. येईल ती.