धोंड्याच्या ताटातला टॅब

जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे होते, तांब्याचा दिवा होता, शर्टाचं कापड होतं आणि माझा टॅब होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात परात घेऊन उभी. अधिक महिना, म्हणून माझी नणंद आणि तिचे यजमान मारेगावहून आमच्याकडे ढाणकीला जेवायला आले होते. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताट द्यायचं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळचं पुरण मीच वाटलं होतं. पण अनारशांच्या शेजारी तो पांढरा डबा, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि सासूबाई पदर सावरत जावयाला सांगत होत्या की घरात नवा पडून होता, पोरांच्या अभ्यासाला कामी येईल.

नवा पडून होता म्हणे.

टॅब साधाच आहे, स्वस्तातला. दोन गोष्टी एकदम उघडल्या की अडखळतो. अंगणात नेला तर काही दिसत नाही. फोटो असा काढतो की माझी रेणू पिठाच्या डब्यातून बाहेर आल्यासारखी दिसते. पण त्याची काच माझ्या कामाच्या मापाची आहे. मी नवरीच्या ब्लाऊजवर आरी वर्क करते, आकड्याच्या सुईने जरी-मण्यांचं भरतकाम. मोबाईलच्या काचेवर बाहीची नक्षी मावत नाही. टॅबवर ती ताणून बाहीएवढी करायची, उजेड पूर्ण वाढवायचा, वर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची. उजेड खालून येतो, रेघ वरून जाते. मग त्या कागदाला सुईने भोकं पाडून पांढरी पावडर घासली की नक्षी कापडावर उतरते. सहा नवऱ्यांचे ब्लाऊज केले तेव्हा त्या पैशातून तो घेतला. कोणाकडे मागितले नाहीत.

आणि हे सगळं मी करते दुपारी. घर कूलरसमोर झोपलेलं असतं तेव्हा मागच्या खोलीत. रेणू मांडीवर, दूध पिता पिता डोळे मिटत आलेले, तिचा एक हात माझ्या ब्लाऊजच्या बटणाला धरून. टॅब दुसऱ्या गुडघ्यावर. तिच्या कपाळावरचा घाम फुंकरून वाळवायचा, एक पाकळी काढायची. पुन्हा फुंकर, पुन्हा पाकळी. ती दीड वर्षाची आहे. तिच्या झोपेएवढाच माझा दिवस.

कूलर बंद झाला, घर जागं झालं, की मी टॅब पुसून डब्यात ठेवते. काचेवरचं कंपनीचं पातळ प्लास्टिकसुद्धा मी काढलेलं नाही. बाहेर ठेवला तर मामंजी त्यावर चष्मा ठेवतील, कपिल चहाचा कप, आणि रेणू तर तो थेट आंघोळीच्या बादलीत घालेल. म्हणून डबा. एवढी जपणूक केली, तर तो ताटात गेला.

कपिल माझा नवरा आहे, वाईट माणूस नाही. मी त्याला खुणेने मागच्या खोलीत बोलावलं. तो आला तो आधीच हात जोडल्यासारखा चेहरा करून. त्याचं म्हणणं असं की आईला माहीत नव्हतं, आता हळदीकुंकू लागलं, ते दान झालं, जावयाच्या ताटातून वस्तू काढली तर ताईला सासरी आयुष्यभर ऐकावं लागेल. सोयाबीन निघालं की तो मला दुसरा घेऊन देईल, याहून मोठा.

"तुमची गाडी काहून नाही ठेवली ताटात?" मी विचारलं. "ती तं पुसून चकाचक उभी असते."

"गाडी रोज लागते मले."

"अन् हा?"

खरं सांगायचं तर तो मला रोज लागतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. नवऱ्याला, ज्याच्याशेजारी मी झोपते.

मी त्याला बसंतीबाईंचं सांगितलं. उमरखेडकडच्या तांड्यावरच्या बसंतीबाई. त्यांच्या मुलीचं लग्न अधिक महिना संपला की लगेच आहे. ब्लाऊजवर त्यांना आपल्या आईच्या जुन्या काचळीची, म्हणजे बंजारा चोळीची, नक्षी हवी होती, आरशांसकट. ती काचळी त्या दुसऱ्याच्या घरी ठेवत नाहीत. माझ्यासमोर उघडली, मला फोटो काढू दिले आणि घडी घालून परत नेली. ते फोटो टॅबमध्ये आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत. एक बाही अजून काढायची आहे.

"फोटो पाठवून दे म्हणू भाऊजीले," कपिल म्हणाला.

एवढ्यात सासूबाईच आत आल्या. रडवेल्या नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. खरोखर चकित होत्या, आणि तेच मला जास्त लागलं.

"मले काय मालूम तू वापरतं म्हून? सुई चालवताना तं मी तुले रोज पायतो. तो डबा कधी उघडा नाई दिसला."

"तुम्ही झोपता तेव्हा उघडते, आई."

"मंग आमच्यासमोर काहून नाई उघडत?"

काय सांगणार. तुमच्यासमोर उघडला की कोणीतरी पाणी मागतं. भाकरीची वेळ होते. शेजारीण विचारते, सून दिवसभर त्या पाटीतच डोकं घालून बसते का वो. तुमच्यासमोर उघडला असता तर तो पोरीच्या गाण्यांचा झाला असता, मग मामंजींच्या बाजारभावांचा, मग सगळ्यांचा. लपवला, म्हणून माझा राहिला. आणि लपवला म्हणूनच तो कोणाचाच नव्हता.

एवढ्यात बाहेरून जावयांनी हाक मारली. डबा त्यांनी उघडला होता. मोठे गमतीचे माणूस, मोकळं हसणारे.

"वहिनी, सासूबाईनं तिजोरी देल्ली, चाबी देल्ली नाई. लॉकचा नंबर सांगा ना."

सगळे हसले. ताईही. मी बाहेर गेले. रेणू जागी होऊन माझ्या कडेवर. मी हात पुढे केला, त्यांना वाटलं मी नंबर टाकून देते. मी नंबर टाकला. काचेवर बसंतीबाईंच्या आईची काचळी उजळली, लाल, आरशांनी भरलेली. मी तिथंच, त्या ताटासमोर, रेणूला मांडीवर घेऊन खाली बसले. फडताळावरून बटर पेपर ओढला, काचेवर ठेवला आणि पेन्सिल चालवायला घेतली.

"हे माझं काम आहे, भाऊजी. टॅब मी देत नाही."

ताईचा चेहरा उतरला, तिच्यासाठी मला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. भाऊजी वाकून बघत होते. शर्टाचं कापड मस्त आहे, असं काहीतरी ते म्हणाले आणि अनारसा तोंडात टाकला. मामंजींनी घसा खाकरला.

सासूबाईंचा आवाज मात्र चढला. "मंग ताटात काय ठेवू आता? जावयाले अस्संच पाठवू?"

"तुमचं काही असेल ते ठेवा, आई."

मी रागातच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तरातरा आतल्या खोलीत गेल्या. मी बसले तिथून कपाट दिसत होतं. त्यांनी पितळी लोटा काढला. तो मामंजींच्या आईचा, परत ठेवला. घड्याळ काढलं, ते मामंजींचं. चांदीचा करंडा काढला. तो घराच्या लक्ष्मीचा, दिवाळीलाच निघतो. एक टॉर्च, तो शेतातला. एकेक वस्तू त्या हातात घ्यायच्या, उलटीपालटी करायच्या, कोणाची ते मनात म्हणायच्या आणि आत सारायच्या. भराभर घेत होत्या, मग हळू.

"कपाट लाव वो, धूळ जाते," मामंजी आपल्या जागेवरून म्हणाले.

त्यांनी लावलं. रिकाम्या हातांनी बाहेर आल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसल्या. कोणाकडेही न बघता म्हणाल्या,

"माह्यं तं काहीच नाई निंगालं."

मला वाटलं होतं टॅब हातात आला की राग उतरेल. तो वाढला, फक्त आता सासूबाईंवर नव्हता. पेन्सिलीवर इतका जोर पडला की कागद फाटला. दुसरा घेतला, उजेडावर सरळ ठेवला, आणि ती बाही पहिल्यापासून काढायला घेतली.