पवनचक्कीची नाडी बघणारा

मित्रांनो, तामलवाडीच्या माळावर उंच पवनचक्क्या दिसतात ना, त्यांतल्या एकीच्या गिअरबॉक्सला चिकटलेला मी एक जुना सेन्सर आहे. अंगठ्याएवढा. चक्कीच्या पोटातली थरथर आधी मला कळते आणि माझ्यामुळं ऑफिसात बसलेल्या इंजिनिअर महेश्वरीताईंना.

कारखान्यात मला हलवून, तापवून, गारठवून पारखलं, मग इथं बसवलं. फोटोत मात्र पातीच येतात. येऊ देत.

गेल्या खंडेनवमीला देखभालीचे महांतप्पा चक्की थांबवून पूजेला वर आले. गिअरबॉक्सला विभूती लावली, झेंडूचा हार घातला. तो नेमका माझ्या अंगावर आला. चक्की पुन्हा सुरू झाली आणि मला बेअरिंगमधून बारीक खडखड जाणवू लागली. मी लगेच कळवली.

"अण्णा, पूजेचा हार सेन्सरवर आलाय वाटतं, तोच थरथरतोय. काढा तो," महेश्वरीताईंनी फोन केला.

"दसऱ्याचा हार सुकायच्या आधी काढू व्हय? आमच्या घरच्यांनी गुंफलाय. त्यांना तुमीच सांगा."

"सांगते. आधी काढा."

चक्की थांबवून हार काढला, पुन्हा फिरवली, तरी खडखड राहिली. आता संशय माझ्यावर. जुना झालाय, बदलून टाका, असं ठरलं. भंगाराच्या डब्याची भीती वाटलीच. पण मी गेलो आणि बेअरिंग फुटलं तर अख्खा गिअरबॉक्स जाणार, हे बोलून दाखवायला मला तोंड कुठं?

महांतप्पा नवा सेन्सर घेऊन शिडी चढले. त्यांचा हात माझ्यावर आला, तोच फोन वाजला.

"अण्णा, जुन्याला राहू द्या. नवा शेजारीच बसवा."

"दोन साक्षीदार व्हय, ताई?"

"व्हय. दोघांचं जुळलं, तर चक्की बंद."

ते खाली उतरल्यावर चक्की फिरवली. नवाही तेच बोलला. वारं जोरात होतं, वीज भरपूर मिळत होती, तरी ताईंनी त्याच क्षणी ती थांबवली. बेअरिंग उघडलं, तर आत केसाएवढी चीर. महांतप्पांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"लई खरं बोललास की रं."

माळावरच्या बाकी चक्क्या गरगरत होत्या, आमची एकटी उभी होती. तिच्या त्या उभं राहण्याएवढा अभिमान मला तिच्या फिरण्याचाही कधी वाटला नव्हता.

मित्रांनो, एकच मागणं आहे. घरातला पंखा कुरकुरू लागला, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. पंखा बंद करा आणि घरातल्या कुणा मोठ्याला स्टुलावर चढवा.